उतारा ज्याचा त्याला

मित्रांनो, मी एक जुनी डुकरीण आहे. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला त्याची सवय आहे. ते झालं की कान मात्र इकडे द्या. म्हातारा बैल आपली कहाणी सांगतो तेव्हा शेवटी धन्याचे आभार मानतो. मोडकी खुर्ची आणि फुटकी पाटीसुद्धा सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी कोणालाही माफ केलेलं नाही. माझी कहाणी सुडाची आहे आणि तो सूड मी कसा घेतला ते मी तुम्हाला सांगणार आहे.

आता माझे डोळे अधू झाले आहेत आणि मागचा डावा पाय थंडीत आखडतो. दिवसभर मी फुलीबाईच्या झोपडीच्या कुडाला टेकून पडलेली असते. खांडबारा स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली की कान हलवते. हल्ली त्या गाड्यांतून लढाईवर निघालेले शिपाई जातात म्हणे. मला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण वारा तिकडून असला की कोणत्या डब्यात कोण तापलेला आहे ते मला इथे पडल्या पडल्या कळतं. तुम्ही माणसं डोळ्यांनी जग ओळखता आणि म्हणून पुष्कळदा फसता. मी नाकाने ओळखते. माझ्या नाकाला आजवर कोणी फसवलेलं नाही.

माझ्या आजीची आजी आगगाडीच्या आधी इथे आली. सुरतेकडून रूळ टाकत आणले तेव्हा मातीचा भराव घालायला वडार आले होते आणि त्यांच्या गाढवांच्या मागून आमचा कळप आला. भराव पुरा झाला, वडार पुढच्या कामावर गेले, काही डुकरं मागे राहिली. मी त्यांच्या वंशातली. फुलीबाईने एका म्हाताऱ्या वडारणीला बांबूची मोठी कणगी विणून दिली आणि बदल्यात मला घेतलं. तेव्हा मी तिच्या ओंजळीत मावत होते. अंग सगळं काळं आणि कपाळावर तेवढा पांढरा ठिपका, म्हणून तिने माझं नाव चांदी ठेवलं. त्या ठिपक्याने पुढे माझा घात केला. तेव्हा मात्र मला तो फार आवडायचा.

फुलीबाई आणि तिचा नवरा जामसिंग मूळचे वर सातपुड्यातले, काठी गावाच्याही पलीकडच्या पाड्यावरचे. पोटासाठी खाली उतरले आणि जामसिंग दोधू पाटलाकडे सालदार राहिला. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारा गडी. झोपडी पाटलाच्याच शेताच्या बांधावर होती. पाटील 'राहा' म्हणाला म्हणून ती उभी होती आणि तो 'जा' म्हणाला असता तर एका दुपारीत उठली असती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

माझं काम काय होतं म्हणून विचारता? ज्या कामाचं नाव निघालं की तुम्ही तोंडाला पदर लावता ते. गावाची घाण मी पोटात घालत होते म्हणून गावाला गावासारखा वास होता. फुलीबाई मला मोहाचा चोथा द्यायची, जोंधळ्याचा कोंडा द्यायची आणि बोलायचीही पुष्कळ. वर्षातून दोनदा मी व्यायचे. माझी पिल्लं खांडबाऱ्याच्या बाजारात हातोहात जायची.

एकदा तर खुद्द पाटलाने माझी स्तुती केली होती. त्याच्या नाल्याकाठच्या शेतात लव्हाळा माजला होता. वरून कापला की खालच्या गाठीतून पुन्हा फुटायचा. त्याने दोनदा नांगरून पाहिलं आणि हात टेकले. जामसिंगने एका उन्हाळ्यात मला आणि माझ्या लेकींना त्या शेतात सोडलं. लव्हाळ्याच्या गाठी आम्हाला पेढ्यांहून गोड. मुसकट खुपसून खुपसून आम्ही सगळं शेत उलथं केलं. पुढच्या साली तिथे कमरेइतका कापूस आला. पाटील बांधावर उभा राहून म्हणाला, "जामसिंग, नांगरले जे जमनं नही, ते तुन्ही डुकरीनी करी दखाडं." मी ते ऐकलं आणि शेपूट हलवली. तेव्हा मी भोळी होते.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी पाटलाचा धाकटा भाऊ मगन सुरतेहून घरी आला. तो तिथल्या कापसाच्या गिरणीत कामाला होता. संध्याकाळच्या गाडीने उतरला आणि पाटलाची बैलगाडी त्याला घेऊन आमच्या झोपडीसमोरून गेली. गाडी लांब असतानाच मला वास आला. सरकीचं तेल, कोळशाचा धूर आणि त्याखाली आंबट, गरम असा तापाचा वास. गाडीतला माणूस खोकत होता. मी मान वर केली आणि पिल्लांना पोटाखाली घेतलं. तेव्हा माझ्यापाशी सात पिल्लं होती आणि ती नुकती कुठे आठवड्याची झाली होती.

दोन दिवसांत मगन अंथरुणाला खिळला. पाटलाने बाहेर प्रवासाचा थकवा म्हणून सांगितलं. घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र मानमोडीचं वर्ष आठवायला लागलं. ज्या वर्षी सकाळी खोकलेला माणूस संध्याकाळी उचलावा लागत होता, ते वर्ष. मगनची आई मंगलाबाई भेदरून गेली. तिने काढे दिले, शेक दिला आणि शेवटी भगताला बोलावलं. भगताने उतारा सांगितला. उतारा तुम्हाला ठाऊक असेल. दहीभाताचा गोळा, भाकरीचा तुकडा, लिंबू, हळदकुंकू, असं सगळं आजाऱ्याच्या अंगावरून ओवाळायचं, आजाऱ्याने त्यावर फुंकर मारायची आणि मग तिवाट्यावर नेऊन ठेवायचं. ठेवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. जो खाईल त्याच्याबरोबर दुखणं जातं म्हणतात. तो कुठे जातो आणि त्याचं काय होतं हे मात्र कोणी विचारत नाही.

पण मगनचं दुखणं जबर आहे, म्हणून तिवाटा पुरणार नाही, असं भगत म्हणाला. कपाळावर चांद असलेल्या काळ्या जनावराने हा उतारा त्याच सांजेला खाल्ला पाहिजे. आणि तो जाता जाता आणखी एक गोष्ट म्हणाला. दिलेला उतारा जर कधी दारात परत आला, तर ज्याने दिला त्याने तो तीनदा माझा म्हणून पदरात घ्यावा. माझा नव्हे म्हटलं तर दुखणं त्या घरातून कधीच हलत नाही. हे सगळं पाटलाच्या ओट्यावर झालं आणि मी पलीकडच्या उकिरड्यावर होते. मला तेव्हा त्यातला 'कपाळावर चांद' एवढाच शब्द आपला वाटला.

दिवेलागणीला मंगलाबाई स्वतः आली. फुलीबाई नाल्यावर पाण्याला गेली होती. मंगलाबाईने झोपडीमागच्या आमच्या आडोशाच्या कुडावरून एक गाठोडं आत सोडलं आणि मागे न पाहता निघून गेली. मगनचंच उपरणं फाडून त्यात उतारा बांधला होता, लाल काठ तसाच होता. त्याच उपरण्याने मगनने चार दिवस नाक पुसलं होतं, तोंड पुसलं होतं. तापाचा वास इतका दाट होता की मी क्षणभर मागे सरले. पण खाली दहीभात होता आणि माझ्या अंगावर सात तोंडं पीत होती. मी गाठीखालचं फडकं फाडून दहीभात आणि भाकरी खाल्ली, आंबट लिंबू गाठीतच राहिलं. फडकं मऊ होतं, म्हणून पिल्लांच्या अंथरुणात गवताखाली सारलं. आम्ही डुकरिणी तेवढ्या बाबतीत तुमच्या आयांसारख्याच असतो. मऊ काही दिसलं की पिल्लांखाली घालतो.

तिसऱ्या दिवशी माझं सगळं अंग तापलं. श्वास घेताना बरगड्यांत कोणी काठी फिरवल्यासारखं व्हायचं. नाकातून पाणी गळत होतं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला वास येईनासा झाला. मग पिल्लं खोकायला लागली. डुकराच्या पिल्लाचा खोकला तुम्ही ऐकलाय का? माणसाच्या तान्ह्या लेकरासारखा असतो. फुलीबाई रात्रंदिवस शेकोटी पेटवून बसायची, एकेकाला मांडीवर घेऊन छाती चोळायची. तिने एकही पिल्लू मरू दिलं नाही. चौथ्या दिवशी ती सगळी पुन्हा प्यायला लागली. मी आणखी दोन दिवसांत उठून उभी राहिले असते आणि ही कहाणी तिथेच संपली असती.

पण तिकडे मगन बरा झाला होता आणि गावात पाचसहा घरांत माणसं खोकत होती. उतारा लागू पडला म्हणून मंगलाबाईने देवाला नारळ फोडला. तेवढ्यात पाटलाच्या कानावर गेलं की फुलीबाईची डुकरं खोकतात. त्याला काय वाटलं असेल ते मी पुढे पुष्कळ वर्षं त्याच्या ओट्याकडे पाहून समजून घेतलं आहे. घरातून बाहेर घालवलेलं दुखणं आपल्याच बांधावर जिवंत बसलेलं आहे, उद्या ते उठून परत येईल, ही त्याची भीती होती. ती भीती खरी सांगायची तर आईने गाठोडं कुठे टाकलं तेही सांगावं लागलं असतं. तिवाट्यावर ठेवणं निराळं आणि दुसऱ्याच्या दारात टाकणं निराळं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून पाटलाने उलटंच सांगितलं. चार माणसं काठ्या घेऊन आमच्या आडोशापाशी उभी राहिली आणि तो म्हणाला, "हाऊ रोग डुकरेसनीच आना. एकबी जित्तं ऱ्हायाले नको."

मारायचं काम त्याने आधी जामसिंगला सांगितलं होतं. जामसिंगने काठी हातात घेतली आणि खाली ठेवली. ती काठी मग दुसऱ्याने उचलली.

सगळी मेली की नाही हे पाहायला पाटील स्वतः वाकून आत डोकावला. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर होतं. माझी सातही पिल्लं माझ्यासमोर निपचित पडली होती. माझ्या अंगात दात लावण्याइतकं बळ नव्हतं, पण छातीत जेवढी हवा होती तेवढी ओढून मी त्याच्या तोंडावर शिंकले. त्याच्या डोळ्यांत, मिशांत, उघड्या तोंडात. तो मागे कोलमडला, तेवढ्यात मी कूड फोडून नाल्याकडे पळाले आणि करंजाच्या झुडपात लपले. त्या शिंकेचा मला आजही अभिमान आहे.

पाटील पडला. ताप, खोकला, अंग मोडून येणं, सगळं अगदी मगनसारखं. झुडपात पडल्या पडल्या ती बातमी मी ऐकली आणि बऱ्याच दिवसांनी मला चिखल थंड आणि गोड लागला. पण मित्रांनो, माझा तो सूड पाटलाच्याच पथ्यावर पडला. बघा, डुकरीण तोंडावर शिंकली आणि पाटील आजारी पडला, आता आणखी काय पुरावा हवा, असं सगळं गाव म्हणायला लागलं. आजवर जे नुसतं म्हणणं होतं ते आता डोळ्यांदेखत घडलं होतं. अंथरुणातूनच पाटलाने निरोप धाडला, की होळीच्या आत झोपडी उठली पाहिजे आणि जामसिंगने दुसरं गाव पाहावं. फुलीबाई पदराने डोळे पुसत पाटलाच्या ओट्यापर्यंत गेली आणि खालूनच म्हणाली, "पाटील बा, मन्ही डुकरी कोठेच गयी नही. रोग तिनापान चालीसन उना." डुकरीण रोगाकडे गेली नाही, रोगच चालत तिच्याकडे आला, एवढंच तिचं म्हणणं होतं. मंगलाबाई दाराआड उभी होती. ती सगळं ऐकत होती, पण बाहेर आली नाही.

त्याच आठवड्यात सरकारचा जनावरांचा डॉक्टर गावात आला. त्याचं नाव पितांबर. मूळचा धुळ्याकडचा, बोलायला आपल्यातलाच. गुरांना बुळकांडीची लस टोचायला तो आसपासच्या गावांतून फिरत होता आणि लशीसाठी सुरतेहून गाडीने येणारी बर्फाची पेटी त्याच्याबरोबर असायची. डुकरं आणि माणसं एकाच वेळी खोकतात हे ऐकून तो गुरं सोडून आमच्याकडे वळला. परदेशात डुकरांच्या नाकातून माणसांच्या तापासारखाच आजार सापडला आहे, तसं आपल्याकडेही आहे का ते त्याला पाहायचं होतं. त्याला एक जिवंत डुक्कर हवं होतं. सगळे म्हणाले एकही उरलं नाही, पळालेली डुकरीणही नाल्यात मेली असेल. फुलीबाईही तेच म्हणाली. सरकारी माणूस डुक्कर मागतो तो मारायलाच, असं तिला वाटलं.

डॉक्टर तीन दिवस गावात राहिला. पाटलाच्या घशातलं पाणी त्याने काचेच्या नळीत घेतलं, बर्फात ठेवलं. पाटील खुशीने देत होता, कारण डुकरांचा दोष आता सरकारच सिद्ध करणार अशी त्याची खात्री होती. मग एका सकाळी फुलीबाई मला करंजाखाली कोंडा घालत असताना डॉक्टर तिथे आला. तो लांबच बसला. जनावराला मारायचं नाही, नाक पुसून घ्यायचं आहे आणि कानामागून थोडं रक्त, असं त्याने तिला दोनदा समजावलं. मेलेल्या जनावराचं रक्त माझ्या कामाचं नाही, हे त्याचं वाक्य तिला पटलं. तिने माझे पुढचे पाय धरले. मी डॉक्टरचा अंगठा फोडला. त्याचा काही दोष नव्हता, पण त्या दिवसांत माणसाचा हात दिसला की मला काठी दिसायची. त्याने अंगठ्याला पट्टी बांधली आणि तरीही रक्त घेतलं. म्हणून मी त्याला मानते.

माझं रक्त बर्फाच्या पेटीत बसून आगगाडीने गेलं. मी मात्र कधी गाडीत बसले नाही. तिथे सरकारी प्रयोगशाळेत काय झालं ते डॉक्टरने नंतर गावाला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. हा आजार इतका बारीक, की चिनी मातीच्या गाळणीतूनही निसटतो आणि सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. म्हणून तो पाहायला जिवंत नाक लागतं. पाटलाच्या घशातलं पाणी आधी मुंगसासारख्या एका विलायती प्राण्याच्या नाकात घातलं आणि मग त्याच्याकडून पांढऱ्या उंदरांच्या नाकात. उंदीर खोकून मेले. मग तेच पाणी माझ्या रक्ताच्या निवळीत कालवून दुसऱ्या उंदरांना दिलं. ते जगले. दूरच्या गावातल्या धडधाकट डुकराच्या रक्ताने कोणी जगलं नाही. म्हणजे माझ्या रक्ताने तो आजार ओळखला होता आणि त्याच्याशी झुंज घेतली होती. त्या उंदरांचंही आत्मवृत्त कोणीतरी लिहायला हवं. त्यांच्यावर कोणाचा रागही नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी डॉक्टर परत आला. पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं. मंगलाबाई चौकटीत बसली होती, मगन खांबाला टेकून उभा होता. पुन्हा रक्त काढायचं म्हणून डॉक्टरने मला आणवून खाली कडुनिंबाला बांधलं होतं. आमच्या बांधावरून जामसिंग गाडीत सामान भरत होता. कणग्या, मडकी, बाजेचे पाय. झोपडीचं छप्पर तेवढं उतरायचं बाकी होतं.

डॉक्टरने उंदरांची हकिकत सांगितली. पाटील हसला आणि म्हणाला की मग झालंच, आजार एकच आहे, डुकरिणीचा मला लागला. माना हलल्या. तेव्हा डॉक्टर सावकाश म्हणाला, "रगत इतलंच सांगस की दोन्हीसना आजार एकच शे. पहिले कोणी कोणले दिधा, हाई रगत नही सांगस." त्याने सगळ्यांना विचारलं की आधी कोण खोकलं. डुकरं, असं चारपाच जण एकदम म्हणाले. मगन खाली पाहत होता. डुकरं आजारी पडण्याआधी तुमच्यापैकी कोणी त्यांच्याजवळ काही टाकलं होतं का, असं त्याने पुन्हा विचारलं. पाटलाने पानाचा डबा उघडला आणि म्हणाला की आता विषय संपवा. डॉक्टरजवळ आणखी विचारण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा वारा फिरला. माझं नाक कधीच बरं झालं होतं. खांबापाशी उभ्या असलेल्या मगनचा वास माझ्याकडे आला, सरकीच्या तेलाचा. आणि मला आमच्या आडोशातलं अंथरूण आठवलं. पिल्लं मेल्यापासून मी तिथे पुन्हा झोपले नव्हते.

मी मान हिसडली. दावं जुनं होतं, तुटलं. बायका बाजूला झाल्या, कोणीतरी दगड मारला. मी बांधावर गेले, फुटक्या कुडातून आत शिरले आणि कुजलेलं गवत मुसकटाने उकरलं. खाली ते होतं. मळलेलं, वाळून कडक झालेलं, लाल काठाचं. त्यावर माझ्या पिल्लांचे केस चिकटले होते. गाठ अजून सुटलेली नव्हती आणि आत वाळलेलं लिंबू होतं. मी ते दातांत धरलं आणि गावाच्या मधून, भरदुपारी, चालत परत आले. पळाले नाही. मला सगळ्यांनी पाहायला हवं होतं. ओट्याच्या तीन पायऱ्या मी आयुष्यात पहिल्यांदा चढले आणि गाठोडं चौकटीत, मंगलाबाईच्या पायांशी ठेवलं.

हळदकुंकवाचा डाग, लिंबू, गाठ. काय आहे ते कोणाला सांगावं लागलं नाही. पाटील उठला. "उकिरडावरलं फडकं शे ते. फेका," असं म्हणून तो लाथ मारणार एवढ्यात त्याच्या आईने त्याचा पाय धरला.

"नको, दोधू. परत उना तो आपला शे."

तिने गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि पदरात घेतलं. मग ती डॉक्टरकडे नाही, फुलीबाईकडे पाहून म्हणाली, "हाऊ मगनना उपरणाना तुकडा शे. मीच फाडा, मीच त्यामा उतारा बांधा, आनि मीच तुन्ही डुकरीनापुढे टाका. तवय तुन्ही डुकरी चांगली व्हती. मन्हा मगनच खोकली ऱ्हायंता."

पाटलाने आईला गप्प राहायला सांगितलं. ती गप्प राहिली नाही. तिने तीन वेळा 'माझा, माझा, माझा' म्हटलं, कारण भगताने तसं सांगितलं होतं आणि तिला तिची दोन्ही मुलं जगायला हवी होती. गावाने इतके दिवस आमची बाजू ऐकली नव्हती. त्या म्हातारीच्या भीतीने ती एका दमात ऐकवली. मी पायरीवर उभी राहून पाटलाच्या तोंडाकडे पाहत होते. ते हळूहळू काळं पडलं. सात पिल्लांच्या बदल्यात मला तेवढं मिळालं आणि ते मी पोटभर पाहून घेतलं.

डॉक्टरने आपल्या कागदात लिहून घेतलं की या गावात ताप माणसाकडून डुकराला गेला आणि मग डुकराकडून माणसाला. त्याने पाटलाला विचारलं की आता झोपडीचं काय. सगळं गाव ऐकत होतं. पाटील म्हणाला की राहू दे. जामसिंगने गाडीतल्या कणग्या उतरवल्या. झोपडी अजून त्याच बांधावर आहे आणि तिच्याच कुडाला टेकून मी तुमच्याशी बोलते आहे. त्या होळीपासून खांडबाऱ्याच्या बाजारात पाटील दिसला की कोणीतरी मागून हळूच विचारतं, आज उतारा कोणाच्या दारात? पाटील मागे वळून पाहत नाही.

दर हिवाळ्यात डॉक्टर पितांबर येतो. माझं, माझ्या लेकींचं रक्त नेतो, नाक पुसतो. कुठे नवा ताप उठला का हे त्याला आमच्याकडून आधी कळतं, असं तो म्हणतो. मी दर वर्षी त्याला एकदा चावायचा प्रयत्न करते. तो दर वर्षी अंगठा वेळेवर मागे घेतो. आमचं ते ठरलेलं आहे.

तुम्हाला वाटेल की आता माझा राग शमला असेल. नाही शमला. गाव वाचलं, झोपडी वाचली, पण ती सात पिल्लं ज्या जागी पडली होती तिथे आता नुसती टाकळ्याची झुडपं आहेत आणि मी अजून तिथे झोपत नाही. मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. दुखणं आलं तर घरात ठेवा, त्याला औषध द्या. तुमचा रुमाल, तुमचं उष्टं, तुमचा उतारा मुक्या जनावरापुढे टाकू नका. आणि टाकलाच असेल, तर निदान तोंड वर करून त्या जनावराला रोगी म्हणू नका.

दोधू पाटील आता म्हातारा झाला आहे. थंडीत ओट्यावर उन्हाला बसतो आणि खोकतो. मी रोज सकाळी माझ्या लेकींच्या नव्या पिल्लांना घेऊन लंगडत त्या ओट्यासमोर जाते आणि थांबते. तो आधी दुसरीकडे पाहतो. मग माझ्याकडे पाहतो. मग त्याला खोकला येतो आणि तो उपरण्याचा काठ उचलून तोंडावर धरतो. तो नीट, नाकापर्यंत धरेपर्यंत मी तिथून हलत नाही.